स्टेनोबाईंची साक्ष

न्यायालयात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘स्टेनोबाई’. सव्वीस वर्षं न्यायाधीशांच्या डाव्या हाताला, एक पायरी खाली, डुगडुगणाऱ्या टेबलाशी बसून त्या लघुलिपीत लिहून घेत आल्या होत्या. साहेब बदलत गेले, टेबल तेच राहिलं.

स्वभावानं त्या पक्क्या भित्र्या. रस्ता ओलांडायचा तर कुणातरी अनोळखी माणसाच्या आडोशानं. नवरा गेल्यापासून घरात त्या आणि त्यांची थोरली नणंद, दोघीच. नणंद शस्त्रक्रिया विभागातून निवृत्त झालेली परिचारिका. तिला कशाचंच भय नव्हतं. ती म्हणायची, “वहिनी, दोघींच्या वाटची भीती तुम्ही एकट्यानंच उचललीत. मला जरासुद्धा ठेवली नाहीत.”

एका मंगळवारी सकाळी साहेबांनी त्यांना दालनात बोलावलं आणि निकालपत्र सांगायला घेतलं. बांधकाम चालू असताना पूल कोसळला होता, चार मजूर गेले होते, त्या खटल्याचं. साहेबांची सांगण्याची एक तऱ्हा होती. दर दोन वाक्यांनी ‘खोडा ते, खोडा’. त्या दिवशी मात्र एकदाही खोडा नाही. मांडीवरच्या कागदाकडे बघत ते घडाघडा बोलत गेले. कंपनीचे अभियंते निर्दोष, कामावरच्या मुकादमाला सात वर्षं. स्टेनोबाईंनी सवयीप्रमाणे पानाच्या डोक्यावर तारीख आणि वेळ टाकली होती. लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं, मुकादमाच्या वकिलाचं म्हणणं तर शुक्रवारी ऐकायचंय!

शुक्रवारी तो वकील घसा कोरडा पडेपर्यंत बोलला. साहेबांनी मान डोलावत ऐकून घेतलं. सोमवारी निकाल लागला, मंगळवारच्या वहीत होता तसाच. आरोपीच्या पिंजऱ्यात मुकादम इकडेतिकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. स्टेनोबाईंनी वही घरी नेली, पलंगाखालच्या पेटीत टाकली आणि तोंडाला कुलूप लावलं.

तीन वर्षं गेली. मग न्यायालयात एक पत्र आलं.

पूल बांधणारी कंपनी परदेशी होती. तिकडच्या सरकारी वकिलांनी आपल्याच कंपनीची चौकशी उघडली होती. बाहेरदेशी जाऊन हिनं न्यायाधीश फितवला का, हे त्यांना शोधायचं होतं. अशा गुन्ह्यांत एकमेकांना मदत करायचा दोन्ही देशांचा करार होता. त्या करारानं त्यांनी खटल्याचे सगळे कागद मागवले, लघुलेखकाच्या वह्यांसकट.

न्यायालयाचे प्रबंधक एरवी कुणाला बसा म्हणत नसत. त्या दिवशी त्यांनी स्टेनोबाईंपुढे खुर्ची सरकवली.

“जुन्या वह्या आपण नष्टच करतो, नाही का?”

“नियम तसा आहे, साहेब, पण...”

“मग ‘पण’ कशाला? इथं सही करा.”

वह्या नष्ट केल्याचं पत्र टाइप करून तयारच होतं. स्टेनोबाईंनी सही केली.

दोन दिवसांनी भर दुपारी, त्या कामावर असताना, गॅसची नळी तपासायला म्हणून दोघं घरी आले. नळीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. “कपाटं कुठायत?” असं विचारल्यावर नणंद दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, “नळी कपाटात असते होय? चला, आधी तुमच्या कचेरीला फोन लावते.” दोघं आल्या पावली परत गेले. संध्याकाळी हे ऐकून स्टेनोबाईंची पाचावर धारण बसली. त्या पेटीपाशी गेल्या, वही काढली, स्वयंपाकघरात येऊन शेगडी पेटवली.

“काय करताय?” नणंदेनं विचारलं.

“जाळतेय. सही केलीय ना मी, नष्ट केली म्हणून? मग नष्टच करते. म्हणजे सही तरी खोटी होणार नाही.”

“जाळा हवी तर. पण त्याआधी एकदा वाचून दाखवा. कशापायी घरात माणसं घुसतायत ते मला कळू दे तरी.”

स्टेनोबाई ओट्याला टेकून वाचू लागल्या. त्या रेघा दुसऱ्या कुणाला मुंग्यांची रांग वाटल्या असत्या. त्या मात्र वर्तमानपत्र वाचावं तशा वाचत होत्या. मुकादमानं कंपनीला तीनदा लेखी कळवलं होतं की खांबाला तडा गेलाय, आणि निकालात तीच पत्रं ‘विश्वासार्ह नाहीत’ म्हणून एका ओळीत उडवली होती. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

“तो आत आहे अजून?” नणंदेनं विचारलं.

“हो.”

नणंदेनं शेगडी बंद केली. स्टेनोबाई खाली फरशीवर बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. “वन्सं, मला नाही हो जमायचं. माझी छाती नाही तेवढी.”

“छाती मी आणते. वाचता मात्र तुम्हालाच येतं.”

सकाळच्या पहिल्या बसनं दोघी लाचलुचपत खात्याच्या मुख्य कचेरीत गेल्या. तिथं चौकशीसाठी आलेल्या परदेशी पथकातली एक तपास अधिकारी बाई, शेजारी दुभाष्या, आणि आपल्या खात्याचे दोन अधिकारी. स्टेनोबाईंनी वही टेबलावर ठेवली आणि पहिलं वाक्य बोलल्या, “मी खोटी सही केलीय.” दुभाष्यानं ते परदेशी बाईंना सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. वही सीलबंद झाली, पोच मिळाली.

पुढचे चार महिने त्या जीव मुठीत धरून जगल्या. फोन वाजायचा, उचलला की पलीकडे नुसता श्वास. न्यायालयात त्यांची बदली तळघरातल्या ग्रंथालयात झाली. बरोबर डबा खाणाऱ्या बायका डबा घेऊन दुसरीकडे बसू लागल्या. जिन्यात पावलं वाजली की त्या दाराची कडी पुन्हा तपासत.

साक्ष पडद्यावरून झाली. इकडे खात्याच्या कचेरीतली एक बिनखिडकीची खोली, तिकडे समुद्रापल्याडचं न्यायालय. कंपनीच्या वकिलानं पहिल्याच झटक्यात विचारलं, “या रेघांचा तुम्ही हवा तो अर्थ लावू शकता, बरोबर?” मग तिथल्या न्यायाधीशांनी वहीतली तीन पानं स्वतः निवडली आणि ती पडद्यावर दाखवून स्टेनोबाईंकडून वाचून घेतली. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावून तीच पानं परत वाचायला लावली. मधल्या काळात वही सीलमध्ये होती. दोन्ही वाचनं शब्दाला शब्द जुळली. ‘साहेब खोकले’ हेसुद्धा दोन्ही वेळा त्याच जागी आलं. इकडच्या खोलीत कुणीतरी हसलं. स्टेनोबाईंना हसू येण्याइतका श्वासच नव्हता.

वकिलानं शेवटचा कागद काढला. वह्या नष्ट केल्याचं प्रबंधकांचं ते पत्र. “ही सही तुमचीच ना? मग तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?”

दाराबाहेर बाकावर नणंद बसली होती, पण ती आत येऊ शकत नव्हती.

“तेव्हा,” त्या म्हणाल्या. “घाबरले होते. घाबरलेली तर आत्ताही आहे. पण वाचते आहे ते खरं आहे.”

कंपनीनं पुढे तिकडे गुन्हा कबूल केला. तिकडचे कागद त्याच करारानं इकडे आले आणि खटला पुन्हा उघडला. मुकादम सुटला. चार वर्षं आणि दोन महिने आत काढून. साहेबांनी तब्येतीचं कारण सांगून आधीच निवृत्ती घेतली होती. त्यांच्यावरचा खटला तारखा खात पडला आहे. प्रबंधक आहेत तिथंच आहेत, आणि जिन्यात भेटले की नमस्कार करतात. त्या नमस्काराची स्टेनोबाईंना सगळ्यात जास्त धास्ती वाटते. खोट्या सहीबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली, ती त्यांनी निमूट घेतली.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. स्टेनोबाई जागच्या जागी थिजल्या. नणंदेनं साखळी न काढता फटीतून पाहिलं. बाहेर मुकादम आणि त्याची बायको. आत येऊन दोघं खुर्च्यांच्या कडेवर बसली.

“तुम्ही कुठं बसायचात, बाई?” मुकादमानं विचारलं.

“साहेबांच्या डाव्या बाजूला. खाली.”

त्यानं डोळे मिटून आठवून पाहिलं. “नाही आठवत. तिथं कुणी बसलेलं मी पाहिलंच नव्हतं.”

“मी पाहत होते तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच बोलायला हवं होतं.”

नणंदेनं आणलेला चहा त्यानं घोट घोट करत संपवला. त्याच्या बायकोनं कप उचलून मोरीत नेऊन ठेवले. ती दोघं जिना उतरून गेली, तेव्हा स्टेनोबाई पहिल्यांदाच खिडकीशी उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. पडद्याआडूनच, पण बघत होत्या.