डावा हात, उजवा कान

काकू फोन डाव्या हातात धरायच्या आणि लावायच्या मात्र उजव्या कानाला. हात तोंडावरून आडवा जायचा, अर्धा चेहरा झाकला जायचा आणि त्या हाताआडून आवाज यायचा, "ऐकून राहिली ना?" उजवा हात त्यांना हातवारे करायला मोकळा लागतो, अशी आमची समजूत होती.

काकू नागपूरच्या, इकडे परदेशात आमच्या ओंगार या उपनगरात मुलाकडे राहायला आलेल्या. अशा काकू तुम्हीही पाहिल्या असतील. साडीवर मुलाचं जाड जाकीट, पायात सुनेचे बूट, आणि दुकानात आपला माणूस दिसला की थेट "तुम्ही कुठचे?"

त्या वर्षी आमच्या भागात गोवर निघाला. आरोग्य खात्याची पत्रं आपल्या लोकांना मिळत नव्हती, कारण आपण सारखी भाड्याची घरं बदलणार. खात्याचा फोन आला तर नंबर दिसत नाही, आणि व्हिसावर आलेला माणूस असला फोन उचलतो होय? म्हणून खात्याच्या नर्सबाईंनी आमच्या मराठी मंडळाला साकडं घातलं. मी तेव्हा नवी नोकरी शोधत घरीच होते. सोमवारी दुपारी एका हॉलमध्ये बसून आम्ही मराठी घरांना फोन लावायचो.

मी कागदावरचा प्रश्न वाचायचे, "बाळाच्या लशी पूर्ण झाल्यात का?" जो तो म्हणायचा, "हो हो, झाल्यात." संपला फोन. काकूंनी तो कागद पहिल्याच दिवशी चहाच्या कपाखाली ठेवला.

"अवो, बाळंतपण कुठी झालं? माहेरी? मग पोरीले इकडं कितव्या महिन्यात आणलं?"

माझं डोकं सणकायचं. लशीचं विचारायचं सोडून ही बाई डिंकाच्या लाडवांपर्यंत जाते! पण मासे लागायचे ते तिच्याच गळाला. तिकडे गोवराची लस नवव्या महिन्यात देतात, इकडे वर्ष झाल्यावर. मधेच विमानात बसलेलं बाळ दोन्हीकडून सुटायचं. भारतात म्हणायचे, आता तिकडेच घ्या. इथे म्हणायचे, अजून वेळ आहे. माहेरी जन्मलेलं, म्हणून इथल्या नोंदीत त्याचा पत्ताच नाही. नर्सबाई काकूंकडे बघून हसत म्हणायच्या, "शी इज ग्रँड!" आणि काकू मला विचारायच्या, "काहून हसून राहिली ती?"

एका सोमवारी नर्सबाई आल्या त्या घाईतच. शनिवारी ओंगारमध्ये एक वाढदिवस झाला होता. तिथे खेळलेल्या मुलीला गोवर निघाला होता. अशा वेळी वर्षाच्या आतल्या, सहा महिन्यांपुढच्या बाळालाही लस देतात, पण तीन दिवसांच्या आत टोचली तर उपयोग, म्हणजे हातात फक्त उद्याचा दिवस. आम्ही सगळ्या पाहुण्यांना फोन केले. ज्यांना लहान मुलं होती, त्या मुलांच्या लशी झालेल्या होत्या. मला हायसं वाटलं.

काकूंना नाही वाटलं. त्यांनी यजमानीणबाईंना पुन्हा फोन लावला. "आगंतुक कोणी आलं होतं का वो?"

आलं होतं. पोर्टलीश गावचं एक नवं जोडपं, कुणाच्या तरी ओळखीनं, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. नाव कुणाला आठवेना. काकू एकीकडून दुसरीकडे फोन करत गेल्या, पाचव्या घरी त्या आईचा नंबर मिळाला. मी लावला. उचलला नाही. परत लावला, कट केला. नर्सबाईंनी लावला, तोही कट.

"थांब," काकू म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या भारतातल्या नंबरावरून व्हॉट्सॲप कॉल लावला. भरदुपारी भारतातून अनोळखी फोन. पहिल्या रिंगलाच उचलला, पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"कोण? बाबांना काही झालं का?"

"बाबा बरे असतील, बापा. मी ओंगारहून बोलून राहिली. तू आधी खाली बस."

काकूंनी गोवराचं सांगितलं. बाळाची आई उखडली. "तुम्ही कोण? माझा नंबर कुणी दिला? इथल्या डॉक्टरांनीच सांगितलंय, वर्षाची झाल्यावर लस. आणि गोवर काय, सगळ्यांनाच येऊन जातो."

काकूंनी हातवारे करणारा उजवा हात मांडीवर ठेवला.

"मले पण आला होता," त्या हळू म्हणाल्या. "चार वर्षांची होती मी. मायनं कडुलिंबाचा पाला ठेवला उशाशी. गोवर गेला, पण डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही तेव्हापासून. तुझ्या पोरीचे दोन्ही कान चांगले आहेत ना? मग उद्या सकाळी घेऊन जा तिले. ऐकून राहिली ना?"

पलीकडे बाळ काहीतरी बडबडत होतं. मग ती म्हणाली, "कुठे यायचं, काकू?"

मंगळवारी सकाळी पोर्टलीशलाच लस टोचली गेली. पुढचे दोन आठवडे काकू रोज फोन करून ताप विचारत होत्या. पोरीला काही झालं नाही.

व्हिसा संपला तशा काकू निघाल्या. विमानतळावर ते जोडपंही आलं होतं. काकूंनी बाळाच्या पाठीमागे जाऊन उजव्या कानाजवळ टिचकी वाजवली. बाळानं वळून पाहिलं. मग डाव्या कानाजवळ वाजवली, अगदी हलकी. मी शेजारी उभी असून मला ऐकू आली नाही, पण बाळ खुदकन हसत तिकडे वळलं. काकूंनी पदरानं डोळे पुसले, सामानाची गाडी धरली आणि मागे न बघता आत गेल्या.