बी.एजी. म्हणजे ‘बी.ए., जी’

अन्याय माझ्या चुलतभावावर झाला. लढाई सुरू झाली त्या एकोणचाळीस सालचा जून महिना, मॅट्रिकचा निकाल लागून चौथा दिवस, सोमवार, सकाळची न्याहारी नुकतीच आटोपलेली. जागा आमच्याच घरची ओसरी. अन्याय करणारे सगळे नात्यातले होते आणि त्यांच्यात मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी दुसऱ्यांवर चिखल फेकतो आणि स्वतः कोरडा राहतो, असं पुढे कोणी म्हणायला नको.

बेचाळीसच्या चळवळीत कॉलेज सोडल्यापासून मी पत्रकं लिहितो. पत्रकात शत्रू दूर असतो, हे एक बरं असतं. इथे तो जेवायला शेजारी बसलेला आहे.

चुलतभावाला मी दादा म्हणतो. माझ्याहून एका वर्षाने मोठा. आम्ही दोघं वाशीमला एकाच खोलीत राहून हायस्कुलात शिकलो. सुटीत रिठदजवळच्या आमच्या गावी आलो की मी सावली शोधायचो आणि दादा वावरात जायचा. केनवडच्या वाटेवर आमचं एक वावर आहे. तिथली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दरसाल मरायची. आज हिरवीगार दिसणारं झाड परवा मान टाकायचं आणि आठवड्यात वाळून कोळ व्हायचं. गावात कोणी म्हणे जमीन तापली, कोणी म्हणे नजर लागली. दादाने एक गोष्ट पाहिली, जी बापजाद्यांनी पाहिली नव्हती: सगळी झाडं मरत नाहीत. मेलेल्या ओळीत एखादं झाड ताठ उभं राहतं. त्याने मोठीमायच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि अशा प्रत्येक झाडाला एकेक बांधली.

वाटेने जाणारे बैलगाडी थांबवून विचारायचे, “काहून रे पोट्ट्या, पऱ्हाटीचं लगन हाय का?”

“हाव, तुमी या जेवाले,” दादा म्हणायचा आणि पुढच्या झाडाकडे वळायचा.

त्या झाडांचा कापूस त्याने वेगळा वेचला, बोटांनी सरकी सोडवली आणि एका गाडग्यात भरून तोंडाला फडकं बांधलं. येत्या पेरणीला त्या सरकीच्या आठ ओळी त्याच वावरात लावायच्या आणि काय होतं ते पाहायचं. त्यापुढचं आपल्याला समजत नाही, हे त्याला समजत होतं. म्हणून त्याला नागपूरच्या शेतकी कॉलेजात जायचं होतं. तिथल्या पदवीला बी.एजी. म्हणतात.

कॉलेजात काय शिकायचं, हे एखाद्याने इतक्या साफ कारणाने ठरवलेलं मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

निकाल आला त्या संध्याकाळी मोठेबाबा, म्हणजे दादाचे वडील, पारावर चारचौघांत बसले होते. त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं, “मंग? आता कायचं शिकशीन?”

दादा म्हणाला, “बी.एजी.”

आमच्याकडे वडीलधाऱ्याला उत्तर देताना शेवटी ‘जी’ लावतात. हो जी, आलो जी, जेवलो जी. मोठेबाबांनी ऐकलं: बी.ए., जी. पोरगा पास झाला तो झाला, वर चारचौघांत अदबीनेही बोलला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि गूळ वाटला.

मला तिथल्या तिथे कळलं की गडबड झाली. दादालाही कळलं असावं, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गूळ खात होतो. आम्ही दोघं गप्प राहिलो. त्याचं गप्प राहणं मी समजू शकतो, बापाचा असा चेहरा त्याने पहिल्यांदाच पाहिला होता. मी मात्र निव्वळ गंमत वाटली म्हणून गप्प राहिलो.

मोठेबाबांना बी.ए. कशाला हवं होतं? धुऱ्यासाठी. धुरा म्हणजे दोन वावरांमधली न नांगरलेली पट्टी. त्याच केनवडच्या वावराला लागून आमच्या भाऊबंदांचं वावर आहे आणि मधला धुरा कोणाचा, यावर वाशीमच्या कोर्टात बारा वर्षं दावा चालू होता. धुऱ्याची रुंदी एक माणूस आडवा झोपेल इतकी. त्यावर एक बाभूळ आणि बाकी कुसळं. पण घरात एक वकील पाहिजे, असं मोठेबाबांच्या डोक्यात बसलं होतं. आधी बी.ए., मग वकिली, मग धुरा. पोटच्या पोराच्या उभ्या आयुष्याचं माप त्यांनी बाभळीच्या त्या पट्टीवर घेतलं.

सोमवारी डाकेने नागपूरचा फॉर्म आला, दादाने निकालाआधीच मागवलेला. त्या दिवशी दादाचे मामा आलेले होते. मामा वाशीमला कोर्टाच्या आवारात अर्जनवीस, लोकांचे अर्ज लिहून देणारे. इंग्रजी त्यांना कामापुरतं वाचता यायचं. त्यांनी लिफाफा फोडला, चष्मा वर केला, खाली केला.

“दाजी,” ते मोठेबाबांना म्हणाले, “हे बी.ए. नोहे. हे शेतकी हाय.”

“म्हंजे?”

“वखर हाकाचं कॉलेज.”

ओसरीवर आधी हसणं झालं, खदाखदा. मोठेबाबासुद्धा हसले. मग हसता हसता त्यांना पारावरचा गूळ आठवला आणि चेहरा उतरला.

“तू त मले बी.ए. म्हन्लं होतं.”

“मी बी.एजी. म्हन्लो, बाबा. तुमाले बी.ए. ऐकू आलं.”

“बापाले बहिरा म्हनतं? गावासमोर खोटं बोललं ते बोललं, आता वर तोंड करून राह्यला?”

“वखर हाकाले नागपूरले जा लागते काय?” मामा मध्येच म्हणाले. “आमचा सालदार कोन्त्या कॉलेजात गेल्ता? आन् पोरगी कोन देईन, दाजी? पोरीच्या बापानं इचारलं नवरदेव काय शिकते, त काय सांगसान? शेन भरते?”

ज्यांच्या ताटातला दाणा न् दाणा त्या वावरातून आला, ती माणसं ‘शेतकी’ हा शब्द असा उच्चारत होती, जसं काही पायाला लागलेलं दाराबाहेर पुसायचं आहे. मला आजही त्या हसण्याची किळस येते. गोऱ्या साहेबाने आपल्याला अडाणी म्हटलं की आम्ही सभा घेतो. इथे आपलीच माणसं आपल्या हातातल्या कामाला अडाणी म्हणतात आणि वर सुपारी कातरतात.

दादा चिंध्यांविषयी, गाडग्याविषयी बोलू लागला. कोणी ऐकलं नाही. मामांच्या पिशवीत अमरावतीच्या कॉलेजचा फॉर्म तयारच होता, बी.ए.ची बातमी ऐकूनच ते निघाले होते. त्यांनी तो दादासमोर ठेवला. दादाने टाक उचलला नाही. तेव्हा मोठेबाबांनी सौदा केला, बाजारात बैलाचा करतात तसा.

“सही कर. तुही सरकी मी पेरतो. आठ काय, दहा ओळी पेरतो. तुह्या गाडग्याची आन.”

दादाने अमरावतीचा फॉर्म मामांकडे सरकवला. मग म्हणाला, “मी सही करीन. बाकीचं मी लिहिनार नाई.”

मामांनी माझ्याकडे हनुवटी केली. “याचं अक्षर बेस हाय. ये रे.”

मी गेलो. बसलो. विषयांच्या रकान्यात मामा सांगतील ते लिहिलं: इंग्रजी, तर्कशास्त्र, इतिहास. शाई नीट वाळवली. मामा म्हणाले, “वा! छापल्यावानी.” मला आनंद झाला, हेही लिहून ठेवतो. दादाने खाली सही केली आणि उठून गोठ्याकडे गेला. नागपूरचा फॉर्म मोठीमायने चूल पेटवायला नेला.

दिवाळीला दादा अमरावतीहून आला, तो पिशवी खांद्यावरून न उतरवता वावरात गेला. मी मागोमाग होतो. आठ ओळी कुठल्या, ते त्याला सापडेना. सगळी पऱ्हाटी सारखीच, आणि सगळीकडे वाळलेली झाडं. घरी येऊन त्याने विचारलं, “बाबा, माही सरकी कुठं पेरली?”

मोठेबाबा दात कोरत होते. “ते गाडगं? म्हशीच्या आंबोणात गेलं असन. सरकी ते सरकी. अबे, दूध काय देल्लं तिनं!”

कोणी तरी हसलं. दादा खाली बसला आणि जोडे काढू लागला.

पुढच्या साली मीही अमरावतीला गेलो. तर्कशास्त्रच घेतलं, का तर दादाची पुस्तकं घरात होती. तुम्हाला वाटेल आमचंच घर असं. मी वसतिगृहात खोलीखोलीतून विचारत फिरलो, तू हा विषय का घेतलास? एकाच्या होणाऱ्या सासऱ्याने सांगितला होता. एकाच्या गावच्या पाटलाचा पोरगा सायन्सला गेला, म्हणून यानेही सायन्स घेतलं, आणि बेडूक कापताना दर वेळी त्याला भोवळ यायची. कारंज्याच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा, त्याला गणिताचं वेड, तो म्हणाला, “दुकानावर बसाचंच हाय, मंग सोपा इषय घे म्हने.” मला हे शिकायचं होतं, असं म्हणणारा त्या मजल्यावर एकही निघाला नाही. दादाला मी हा प्रश्न विचारला नाही. त्याच्या फॉर्मवर अक्षर माझं होतं.

आता धुऱ्याचं ऐका. दादा बी.ए.च्या वर्गात असताना भाऊबंदांकडे लग्न निघालं. पंगतीत मोठेबाबा आणि ते शेजारी शेजारी बसले, बुंदी वाढली गेली, आणि हात धुवायच्या आत तडजोड झाली. बाभूळ तोडून दोघांनी लाकूड वाटून घेतलं. दावा संपला. ज्या कामासाठी पोरगा वकील करायचा होता, ते काम बुंदीने केलं.

तरी दादाला परत बोलावलं नाही. “आता निघालाच हाय त होऊ द्या वकील,” मामा म्हणाले. तो झाला. आज वाशीमला काळा कोट घालून बसतो, लोकांच्या धुऱ्यांचे दावे चालवतो, आणि चांगले चालवतो. केनवडच्या वाटेवरची पऱ्हाटी अजून मरते.

यंदा पोळ्याला तो गावी आला होता. पूर्वी चिंध्यांची थट्टा करणाऱ्यांतलाच एक म्हातारा वाळलेलं झाड मुळासकट उपटून घेऊन ओसरीवर आला. त्याने ते दादाच्या पायापाशी ठेवलं. “वकीलसाहेब, तुमी लहानपनी या झाडायचं काही करत होते. सांगा ना जी, काहून मरते हे?”

दादाने झाड उचललं. मुळं अंगठ्याने चोळली, बुंधा नखाने सोलून पाहिला. मला वाटलं, बोलेल. त्याने ते परत खाली ठेवलं आणि रुमालाला हात पुसले.

“मले काय माहीत, बाबा. मी वकील हाय.”

म्हातारा झाड उचलून गेला. मी तिथेच बसलो होतो, ज्या जागी बसून फॉर्म भरला त्याच जागी.

जूनमध्ये पुन्हा फॉर्म येतील. हे वाचणाऱ्यांनो, तुमच्यातल्या कित्येकांचं अक्षर चांगलं आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे आणि तुमच्या मामा-काकांनाही ठाऊक आहे. ते तुम्हाला हनुवटीने बोलावतील. जाऊ नका. गेलात तर टाक उचलू नका. ज्याचं शिक्षण आहे त्याच्या हातात तो फॉर्म द्या, आणि तो स्वतःच्या अक्षरात विषय लिहीपर्यंत ओसरीवरून कोणालाही उठू देऊ नका.