जैसलमेर, मुक्काम पोस्ट राजोडी

वाळवंटात बुडता बुडता वाचलेला माणूस आमच्या पंचक्रोशीत एकच आहे. तो मी.

गोष्ट ऐंशी सालच्या आगेमागची. नंदाखालला आमची केळीची वाडी. वाडीतले घड विरार स्टेशनला पोचवायला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लष्कराच्या लिलावातून एक ट्रक घेतला होता. तो खऱ्या लढाईत होता, असं आबा अभिमानाने सांगत. (कोणत्या बाजूने होता, ते त्याच्याकडे बघून कळत नसे.) त्याचं दार एकाने आतून ढकलायचं, दुसऱ्याने बाहेरून ओढायचं आणि तिसऱ्याने देवाचं नाव घ्यायचं, तेव्हा कुठे ते उघडे. पण चिखल असो, डोंगर असो, वाळू असो, हा ट्रक कुठेही जातो अशी त्याची ख्याती होती. कुठेही म्हणजे आजवर नंदाखाल ते विरार.

त्याच सुमारास माझा मेहुणा शरद आखातातली नोकरी संपवून परत आला. येताना त्याने टेपरेकॉर्डर आणला, गुबगुबीत ब्लँकेटं आणली आणि फिल्म काढायचा एक छोटा कॅमेरा, ती पडद्यावर दाखवायच्या यंत्रासकट, आणला. त्याच्या हातात कॅमेरा आणि माझ्या अंगात नाटक! गावच्या नाटकांत मी ओळीने तीन वर्षं राजा झालो होतो. दोन दिवसांत बेत ठरला. आबांचा ट्रक घेऊन जैसलमेरला जायचं, वाळवंट पार करायचं आणि त्या प्रवासाची फिल्म काढून गावाला दाखवायची. ट्रक चालवणार माझा थोरला भाऊ, दादा.

दादाने एकच प्रश्न विचारला, "आणि केळी?"

आबा म्हणाले, "पुढच्या सोमवारी घड उतरायचेत. ट्रक त्या दिवशी दारात हवा. तुम्ही नसलात तरी चालेल."

निरोप असा मिळाला, की लग्नात नवरदेव म्हणून मला तेवढा मान मिळाला नव्हता! आईने औक्षण केलं. ट्रकला हार, दादाला हार, मला दोन हार. अख्खी आळी रस्त्यावर. शेजारच्या काकूंनी हिंग मागितला, त्यांच्या सुनेने मोजड्या, आणि एका आजोबांनी उंटाच्या केसांची घोंगडी. मी टपावर उभा राहून भाषण केलं. "वाळवंट आपल्याला हाक मारतंय!" असं काहीतरी बोललो. माझी बायको नलू तेवढी म्हणाली, "अहो, खाली बसा, फांदी लागेल." आणि फांदी लागली.

विरारचं फाटक दिसायला लागलं आणि ट्रक थांबला. साधासुधा थांबला नाही, आधी उकळला, मग शिंकला, मग त्याच्या पोटातून काहीतरी रस्त्यावर पडलं. गॅरेजवाल्याने ते उचललं, पुसलं आणि विचारलं, "कुठे निघालात?"

"जैसलमेर."

तो इतका हसला, की त्याला स्टूल द्यावं लागलं. "शेठ, याला पालघर दाखवलंत तरी पुष्कळ झालं. मी ठाकठीक करून देतो. गावातल्या गावात फिरवा."

दुरुस्ती होईतो दुपार झाली. दादा म्हणाला, "चला घरी."

"घरी? अरे दादा, सकाळी हार घालून घेतले आणि दुपारी जेवायला हजर? लोक काय म्हणतील?"

"भाऊजींचं बरोबर आहे," शरद म्हणाला. "आणि वाळू तर सगळीकडे सारखीच असते. मी खरं वाळवंट बघितलंय. कॅमेऱ्याला काय कळतंय राजस्थान आहे की राजोडी!"

तर आम्ही जैसलमेरला जायला निघालो आणि राजोडीला पोचलो. आमच्या घरापासून सायकलने पाव तास! दोन ते चार सगळं नंदाखाल झोपलेलं असतं, त्या वेळात टपावर ताडपत्री टाकून आम्ही आमच्याच गावातून चोरासारखे निघालो. राजोडीला आमची मावशी राहायची, समुद्राला लागून तिची वाडी. आम्हाला बघून ती म्हणाली, "अगोबाई, जैसलमेर झालंसुद्धा?" मग सगळं ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला आणि तीन माणसांचा भात वाढवला.

दुसऱ्या दिवशी शूटिंग. मावशीच्या यजमानांचं पांढरंशुभ्र धोतर मी अंगाभोवती गुंडाळलं, तिचं लाल लुगडं डोक्याला फेट्यासारखं बांधलं आणि काजळाने मिशा काढल्या. उंट कुठून आणायचा हा प्रश्न होता. पण मावशीचा बैल होता ना! बैलाला वशिंड देवानेच दिलेलं असतं, ते फक्त जरा वाढवायचं. आम्ही पाठीवर उशी बांधली, वर गोधडी घातली. शरदने एक डोळा मिटून बघितलं.

"लांबून चालेल."

"किती लांबून?" दादाने विचारलं.

"पार तिकडे अर्नाळ्याहून."

बैलाने दोन पावलं टाकली, मागे वळून स्वतःच्या पाठीवरची ती नवी वस्ती बघितली आणि जो उधळला, तो थेट गोठ्यात. उशी पोटाखाली लोंबत होती. उंटाचं काम तिथेच संपलं.

मग नुसत्या ट्रकवर फिल्म काढायची ठरली. पण कॅमेरा इकडे केला तर सुरूची झाडं, तिकडे केला तर नारळ, आणि मधे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले.

"वाळवंटात बोंबील, भाऊजी?"

"खजूर म्हणून खपवू."

शेवटी शरदनेच तोडगा काढला. ओहोटीने समुद्र पार लांब गेला होता आणि मागे सपाट वाळूचं मैदान पडलं होतं, मैलभर असेल. ट्रक तिथे खाली न्यायचा, कॅमेरा जमिनीलगत धरायचा, म्हणजे दिसेल फक्त वाळू आणि आभाळ.

"वाळू ओली आहे," दादा म्हणाला.

"उन्हात चमकतेय, किती छान! मृगजळ म्हणू." (हे मी म्हणालो. मीच!)

मी बॉनेटवर उभा राहिलो, एक हात कपाळावर, नजर क्षितिजावर. शरदने बटण दाबलं, दादाने गाडी सोडली. काय डौलात निघालो! ट्रक समुद्राच्या दिशेने दोनशे पावलं गेला, आणि मग हळूच, म्हैस डबक्यात बसते तसा, बसला.

दादाने जोर दिला. चाकं जागच्या जागी फिरली आणि ट्रक आणखी वीतभर खाली गेला.

"पुढची चाकं जोड!" मी ओरडलो. पुढच्या चाकांनाही इंजिनची ताकद मिळावी म्हणून आत एक वेगळा दांडा होता. आबांनी तो इतकी वर्षं पंचा वाळत घालायला वापरला होता. दादाने तो ओढला. दांडा आला. पूर्ण आला. दादाच्या हातात आला!

आता खरं सांगतो, इथे दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाने फळ्या आणल्या असत्या, दगड आणले असते. पण आम्ही पडलो केळीवाले. भाजलं तर केळीचं पान, जेवायला केळीचं पान, पाऊस आला तर डोक्यावर केळीचं पान, बांधायला केळीच्या सालीचं सोपट. आयुष्यातली प्रत्येक अडचण आम्ही केळीने सोडवतो. मी मावशीच्या वाडीत धावलो आणि केळीचे चार जाडजूड खांब तोडून आणले. एकेका चाकापुढे एकेक खांब नीट बसवला, स्वतः मागे जाऊन खांदा लावला आणि ओरडलो, "हं, दादा!"

केळीच्या खांबात काय असतं? पाणी आणि चीक. चाकाने तो खांब चटणीसारखा वाटला आणि सगळीच्या सगळी चटणी मागे फेकली. मागे मी! मावशीच्या यजमानांचं पांढरंशुभ्र धोतर, लुगडं, मिशा, तोंड, सगळं माखलं. केळीचा डाग सात जन्म जात नाही हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. ट्रक मात्र आता बुळबुळीत खड्ड्यात आणखी निवांत बसला होता.

एवढ्यात किनाऱ्यावर जाळं विणत बसलेले पास्कल काका उठून आले. मावशीचे शेजारी, कोळी माणूस. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ये कोन, सुरेश काय रं? नाटक हाय?"

"फिल्म आहे, काका."

"मग लवकर संपव. भरती लागली, पानी चढतंय."

मी वळून बघितलं. समुद्र मघाशी क्षितिजावर होता, तो आता ओळखीच्या अंतरावर आला होता. दादाने खिडकीतून डोकं काढलं.

"सुऱ्या, तुझं मृगजळ चाकाला लागलं!"

"काका, चार माणसं मिळतील का?"

"चार? चाळीस लागतील! आमची समदी होड्या घेऊन गेल्यात दर्यात. तुमच्या नंदाखालला सांगावा धाडा. तिथं मानसं हायत, विहिरीचे दोर हायत."

"नंदाखालला नको!" मी आणि शरद एकदम ओरडलो.

मावशी पदर खोचून पाण्याच्या कडेला उभी होती. "का रे नको?"

"मावशी, नंदाखालच्या हिशोबाने आम्ही जैसलमेरला आहोत!"

"मग ट्रक बुडू दे जैसलमेरला!"

दादा खाली उतरला. पाणी त्याच्या घोट्याला लागलं होतं. दादा कमी बोलणारा माणूस, पण तेव्हा बोलला. "हे बघ सुऱ्या. हा ट्रक गेला की आबा दुसरा घेऊ शकत नाहीत. सोमवारी घड उतरणार. तुझी अब्रू नेऊन पोचवणार आहे का ती केळी विरारला? घे सायकल."

 मी पास्कल काकांची सायकल घेतली आणि टांग मारली. लाल फेटा, वितळलेल्या मिशा, अंगावर हिरवी-तपकिरी चटणी. आणि घाईत लक्षात आलं नाही, फिल्मसाठी घातलेला ट्रकचा हार अजून गळ्यात होता!

आळीच्या तोंडावरच शेजारच्या काकू भेटल्या. "अगो बया, आलास पण? हिंग आणलास?"

"नंतर, काकू!"

"आणि मोजड्या?" आतून सून ओरडली.

ओट्यावरच्या आजोबांनी चष्मा वर केला. "घोंगडी राहू दे, बाबा. आधी अंग पूस."

आमच्या दारात नलू तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "अहो, हे काय? कुठून आलात?"

मी धापा टाकत होतो. आबा आतून आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्यामागे रस्त्यावर बघितलं आणि नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारला.

"ट्रक कुठाय?"

"वाळवंटात रुतलाय, आबा."

"कुठल्या वाळवंटात?"

"राजोडीच्या."

 आबांनी पुढे होऊन विहिरीवरचा दोर सोडला आणि आळीला हाक मारली. ज्या माणसांनी आदल्या दिवशी मला हार घातले होते, ती सगळी दोर, फळ्या आणि कुदळी घेऊन राजोडीच्या वाटेने धावत सुटली. माझं जाऊ द्या, केळी सगळ्यांचीच त्या ट्रकमधून जात होती.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी दिव्यांपर्यंत आलं होतं. दादा स्टीअरिंगला धरून बसलेला, इंजिनवर पाणी उडू नये म्हणून पंख्याचा पट्टा त्याने आधीच काढून ठेवलेला. पास्कल काकांनी दोर कुठे बांधायचे ते दाखवलं, आबांनी सगळ्यांत पुढचा दोर खांद्यावर घेतला. "जोर लगाके!" "हैशा!" लाट आली की ट्रक जरा उचलायचा, आणि त्याच वेळी चाळीस जणांनी ओढायचं. तीनदा दोर सुटला. मी पाण्यात दोनदा पूर्ण आडवा झालो. शेवटी एक मोठी लाट आली, ट्रक डुलला, हलला आणि फळ्यांवर चढला! सगळा किनारा ओरडला. आबांनी ओल्या बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग ते माझ्याकडे वळले. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी डोळे मिटले.

"सोमवारी घड तू वाहायचे," ते म्हणाले. "डोक्यावरून."

सोमवारी ट्रक चालू झाला होता. तरी वाहिले.

आता राहिली फिल्म. मी समजत होतो, शरदने दोर ओढला असेल. छे! "एवढं चांगलं चाललं होतं, बंद कसं करणार, भाऊजी?" तो बॉनेटपासून शेवटच्या लाटेपर्यंत थांबथांबून रिळं संपवत होता! रिळं धुऊन आली, देवळासमोर चादर बांधली आणि जैसलमेरची फिल्म बघायला नंदाखालच काय, राजोडीसुद्धा आली. पास्कल काका घरून खुर्ची घेऊन आले. केळीच्या चटणीच्या दृश्याला एवढ्या शिट्ट्या पडल्या, की राजाच्या भूमिकेत तीन वर्षांत मिळून पडल्या नव्हत्या.

फिल्म संपली तशी आजोबांनी आरोळी दिली, "ए, उलटी लाव!" शरदच्या त्या यंत्रात फिल्म उलटी चालवायची सोय होती. तेव्हापासून आमच्या घरी लग्न असो, बारसं असो, पाहुणे तीच मागतात: उलटी.

उलटी फिल्म खरोखर बघण्यासारखी आहे. अख्खं गाव ट्रकला समुद्रात सोडून उलट्या पावलांनी घरी जातं. पाणी अदबीने मागे सरकतं. माझ्या अंगावरची चटणी उडून जाते आणि तिचे चार अखंड खांब होतात, धोतर पांढरंशुभ्र होतं, मिशा जागेवर येतात. मी बॉनेटवर उडी मारून उभा राहतो, एक हात कपाळावर, आणि ट्रक कोरडा ठणठणीत किनाऱ्याला येऊन लागतो. वाळवंट पार करून इतक्या रुबाबात परतलेला माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नाही. फक्त तो उलटा बघावा लागतो!