गढ्या बघणारे साहेब

"शत्रू कुठून येईल, सांगा बघू," असं म्हणत ते चष्मा कपाळावर चढवायचे. डिझाइन रिव्ह्यू असो की योकोहामातलं नवं हॉटेल, पहिला प्रश्न हाच. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल.

आमचे हे टीम लीड पुण्याचे, आम्ही सगळे जपानी क्लायंटकडे कामाला. वेड एकच, गढ्यांचं. जपानच्या दोन जुन्या प्रांतांच्या सीमेवर, डोंगरात, छोट्या सरदारांनी मध्ययुगात तटबंदीची घरं बांधली होती. लाकडी घरं कधीच गेली. उरले मातीचे बांध आणि कोरडे खंदक. रविवारी ट्रेननं दोन तास जाऊन आम्ही ते बघायचो, डबे खायचो आणि परत यायचो.

"सीमेवरच्या माणसाला झोप कसली," ते सांगायचे. त्यांना तरी कुठे होती. काँट्रॅक्ट तीन-तीन महिन्यांचं, म्हणून रात्री क्लायंटची माणसं घरी जाईपर्यंत ते खुर्चीतून हलत नसत.

एका रविवारी त्यांनी सात वर्षांच्या लेकीलाही आणलं. आम्ही बांधाची उंची मोजत राहिलो आणि ती दिसेनाशी झाली. धुकं उतरत होतं. हाका मारून त्यांचा घसा बसला. तेवढ्यात झाडीतून एक कर्कश आवाज सुरू झाला, थांबेचना.

"शेतातलं मशीन असेल. आधी नदीकडे बघू," ते म्हणाले. आम्ही उलट्या दिशेला धावलो.

परतलो तेव्हा एक शेतकरी बाई मुलीला पाठीवर घेऊन येत होती. पाय मुरगळून मुलगी खंदकात पडली होती. तो आवाज तिच्या गळ्यातल्या बझरचा होता. इथे शाळकरी मुलांकडे तो असतोच, संकटात दोरी ओढायची. बाई तो ऐकूनच धावली होती. एरवी रोज दप्तराला लटकणारा तो बझर बापानं कधी पाहिलाच नव्हता. ते निघायचे तेव्हा मुलगी झोपलेली, परतायचे तेव्हाही झोपलेली.

"बाबा, मी किती वेळ वाजवला. तू आलाच नाहीस."

ते खाली बसून तिचा बूट काढू लागले. लेसची गाठ काही सुटेना. मला फार वाईट वाटलं.

सोमवारपासून ते संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघू लागले.

"अहो, काँट्रॅक्टचं एक्स्टेन्शन जाईल," मी म्हणालो.

"जाईल तर जाईल. आज ती मला कांजी, जपानी अक्षरं, लिहायला शिकवणार आहे."

मार्चमध्ये एक्स्टेन्शन आलं नाही. ते पुण्याला गेले आणि त्यांची जागा मला मिळाली. पहिल्याच दिवशी ऑफिसचा एक फॉर्म भरायचा होता. भूकंप झाला तर मुलाला कुठून आणायचं, असा त्यात रकाना होता. माझा मुलगा तेव्हा इथल्याच शाळेत दुसरीत होता. रकान्यात काय लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून बायकोला फोन लावला.