तिसऱ्या डबीवर गार पडलेला हात

स्पष्टच सांगतो, भूत, करणी, अंगात येणं यावर माझा काडीचा विश्वास नाही. उलट असल्या गोष्टींविरुद्ध पत्रकं लिहून चौकात वाटणारा मी माणूस. तळहातावर नारळ ठेवून बोअरची जागा दाखवणाऱ्यांचा तर भयंकर राग... बीबी गावात अशाच एकाला डोळे बांधून मी त्याच शेतात दुसऱ्यांदा फिरवलं. नारळ भलतीकडेच उभा राहिला! लोकांनी तरी चहा त्यालाच पाजला, ते सोडा.

ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीची. चिखलीतल्या आमच्या घरातली, भर दुपारची.

ताई धातूंवर पीएचडी करत होती. वितळलेला धातू थंड होताना त्यातले अणू रांगेत बसतात. पण काही मिश्रणं झटकन थंड केली की रांग लावायला वेळच मिळत नाही – अणू काचेतल्यासारखे जिथल्या तिथे थिजतात. असा धातू मजबूत, स्प्रिंगसारखा. कुठलं मिश्रण असं थिजेल ते आधीच ओळखायचं, हे तिचं काम. त्यासाठी तिने कॉम्प्युटरवर मॉडेल बनवलं होतं.

दिवाळीला ती वजन केलेल्या तीन मिश्रणांच्या, नंबर टाकलेल्या तीन सारख्या डब्या घेऊन आली. फेलोशिप संपायच्या आत भट्टी तिला एकदाच मिळणार होती. म्हणजे एकच मिश्रण वितळवता येणार. चुकलं तर चार वर्षांचं काम अर्धवट. मॉडेल म्हणत होतं, पहिलं घ्या. तिसरं तर अजिबात नको.

डब्या बॅगेत भरता भरता ताई थांबली. "या तिसरीवर हात गार पडून राह्यला."

"तू बी नारळवाली झाली का?" मी उखडलोच.

"भडकतं काऊन बे? त्या बीबीवाल्याची घेतली तशी माही परीक्षा घे ना!"

घेतली. डब्या एकसारख्या कागदात गुंडाळल्या, ताईचे डोळे बांधले. मलाही कळू नये म्हणून आईने आत नेऊन त्यांच्या जागा बदलल्या. स्पर्श करायचा नाही, हात फक्त वरून फिरवायचा. हात एकीवर थांबला. कागद सोडला – तिसरी. पुन्हा केलं – तिसरी. पुन्हा... तिसरीच. मी तिचा तळवा धरला. माठातून काढल्यासारखा गार! दुसरा हात मात्र कोमट.

आई घाबरली. "बाजूच्या काकूले सांगू नका, बाप्पा. उद्या दारात रांग लागन."

"लागू दे," ताई हसली. "नारळ तरी येतीन चटणीले."

मग ती लॅपटॉप घेऊन बसली. संध्याकाळी म्हणाली, "तिसऱ्यासारखी मिश्रणं मॉडेलनं फार पाह्यलीच नाहीत. त्याचं 'नाही' काही पक्कं नाही." आणि तिने तिसरी उचलली.

भट्टीनंतर तिचा फोन आला. "टेकाड आलं बे, टेकाड!" एक्स-रेच्या आलेखात रांगेतल्या अणूंचे टोकदार सुळके दिसतात; काच असेल तर नुसतं गोलसर टेकाड. जमलं होतं!

तिचे गाईड म्हणाले, हेच मिश्रण का निवडलं ते लिहा. अणूंच्या आकारातला फरक वगैरे कारणं द्या. ताई म्हणाली, "सर, ते निकालानंतर सुचलेलं कारण होईल." प्रबंधात तिने सरळ लिहिलं – मॉडेलने नकार दिला होता, निवडीचं पूर्ण कारण सांगता येत नाही. त्यावरून विद्यापीठातल्या लोकांनी तिला महिनोन् महिने लटकवलं. नारळवाला निदान शेतात उभा राहून फेकतो, हे लोक छापून फेकतात! माझ्या ताईने फेकलं नाही. डिग्री घेतली तीही त्याच ओळीसकट.

तो निकाल तिने मॉडेलला शिकवला. आता तशी मिश्रणं ते बरोबर ओळखतं. पुढच्या सुट्टीत मी मुद्दाम तिच्याच नव्या मिश्रणांच्या डब्या मांडल्या. ताईने हात फिरवला. "काहीच नाही बे. साध्या डब्या."

त्या दुपारी तिचा हात कशाने गार पडला, मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे कारण असेल तर जरूर कळवा. फक्त ते तपासता येईल असं असू द्या. समजूत घालणारं नको.