काकूंनी माझ्या लेकीला दाराबाहेर बसवलं

मैत्रिणींनो, नाव न लावता लिहितेय. आज दुपारी जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी निघोज्यात भाड्याने राहते, चाकणला कंपनीत कामाला जाते. मला एचआयव्ही आहे. लेक चार वर्षांची, तिच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्यात. मी शिफ्टला गेले की शेजारच्या काकू तिला सांभाळायच्या.

आज परत आले तर ती त्यांच्या दाराबाहेर पायरीवर एकटीच बसलेली. माझ्या गोळ्यांबद्दल काकूंना कुणीतरी सांगितलं होतं.

"उद्यापास्नं नको आणू बाई. आमच्या बी घरात नातवंडं हायेत," त्या आतूनच म्हणाल्या.

मी पळत जाऊन लेकीचा रिपोर्ट आणला. "काकू, तिला काही नाही, वाचा तरी." त्यांनी कागदाला हातसुद्धा लावला नाही. दोन वर्षं याच बाईने तिला मांडीवर घेऊन भरवलंय.

घरात आल्यावर लेक म्हणाली, "आई, मी काकूंचं काहीच सांडलं नव्हतं गं."

उद्या खाडा करीन, परवाचं माहीत नाही. पण तिची काही चूक नव्हती, हे तिला कसं समजावू? तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?