सहकुटुंब नॅनो

आमच्या सोसायटीतली माणसं मला कधीच आवडली नाहीत. धायरीत नव्या इमारती उठत होत्या तेव्हा आम्ही तिथं राहायला आलो. निम्मी घरं पेठा सोडून आलेल्यांची, निम्मी भाड्यानं राहणाऱ्या नागपूर-अमरावतीकडच्या आयटीतल्या पोरांची. धरण हाकेच्या अंतरावर, तरी रोज टँकरवरून भांडणं. हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत मला माणूस नकोसा झालेला असायचा. बायकोला मात्र याच लोकांना नॅनोविज्ञान समजावून सांगायचं होतं.

आम्ही दोघं फिजिक्सचे, एकाच वर्गातले. मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो, कारण तेव्हा सगळेच जात होते. ती एका प्रयोगशाळेत हंगामी पदावर राहिली. घरी पाहुणे आले आणि विज्ञानातलं काही विचारायचं झालं, की ते माझ्याकडे पाठ करून तिच्याकडे वळायचे. मी चहा आणायला उठायचो.

तिला नोकरी सोडून सोसायट्यांमधून फिरायचं होतं. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना एकत्र बसवून हा विषय दाखवायचा होता. मी म्हणालो, ‘आधी आपल्या गणपतीत करून बघ. जमलं तर सोड नोकरी. नाही जमलं तर आमच्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहायला माणसं हवी आहेत, तिथं ये.’ तिनं कबूल केलं. तिचं पुढचं सगळं त्या एका संध्याकाळवर येऊन ठेपलं.

तालीम स्वयंपाकघरात चालायची. अळूच्या पानावर ती पाण्याचा थेंब सोडायची. पान कोरडं ठेवून तो गोटीसारखा घरंगळायचा. पानावर डोळ्यांना न दिसणारे मेणाचे उंचवटे असतात, थेंब त्यांच्या नुसत्या टोकांवर बसतो, म्हणून पान भिजत नाही. एका बाटलीत लालबुंद पाणी होतं. त्यात सोनं होतं. सोन्याचा कण पुरेसा बारीक झाला की तो पिवळा दिसत नाही, लाल दिसतो. आणि सुरुवात ती अशी करणार होती: ‘सगळ्यांनी आपापल्या नखांकडे बघा. माझं हे वाक्य संपेपर्यंत ती काही नॅनोमीटर वाढलीसुद्धा.’

ऐकताना अंगावर काटा आला. हे आपल्याला का सुचलं नाही, म्हणून त्याच क्षणी मी चिडलोही.

‘नॅनोविज्ञानाची ओळख, सहकुटुंब या’ एवढंच फळ्यावर लिहायचं होतं. निरोप द्यायला मी खाली गेलो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त शिक्षक, हातात खडू घेऊन उभे. मी सांगितलं, ‘काका, लिहा. नॅनोची ओळख, सहकुटुंब या.’

त्या दिवसांत गावभर एकच नॅनो होती, ती स्वस्तातली छोटी गाडी. सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. ‘नॅनोची? म्हणजे नेमकं कशाची?’

‘लिहा हो. गर्दी तरी होईल.’

गर्दीसाठी केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. बायको तोंडघशी पडावी असं मला वाटत होतं.

पार्किंगमधला मांडव भरला. लोक नटूनथटून आले होते, एक आजी तर गाडीच्या पूजेला हळदकुंकू घेऊन. बायको अळूचं पान घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘नॅनोमीटर म्हणजे...’

‘मीटर?’ मागून एकजण ओरडला. ‘म्हणजे टॅक्सी आहे का?’

हशा पिकला. तिला कळेना. तिनं नखांचं वाक्य म्हटलं.

‘मॅडम, नखं घरी कापू. मायलेज सांगा न!’ नागपूरकडचा एक पोरगा.

‘गाडी कुठाय पण?’

तिनं लाल बाटली वर धरली. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘रंग छान आहे. अजून दुसरे कुठले आहेत का?’

सगळा मांडव हसला. तिनं मला शोधलं. तिची नजर माझ्यापर्यंत पोचली तेव्हा मीही हसत होतो, लोकांपेक्षा मोठ्यानं.

खुर्च्या सरकल्या, माणसं पांगली. आजी हळदकुंकवाची वाटी पदराखाली धरून निघून गेल्या. बायको तडक सेक्रेटरींपुढे जाऊन उभी राहिली. ‘फळ्यावर हे असं कुणी लिहिलं?’

ते माझ्याकडे पाहत म्हणाले, ‘अक्षर माझंच. अनवधानानं झालं, मॅडम.’

ते पाहतच राहिले. मी खाली पडलेलं पान उचललं.

फळ्यावर एक शब्द गळला, एवढंच तिनं धरलं; गाडीचं सगळं लोकांनी मुद्दाम टर उडवायला काढलं, असं तिला कायम वाटलं. ती माझ्या कंपनीत आली. हुशार होती, वर चढली. सेक्रेटरी लिफ्टमध्ये असले तर ती जिन्यानं जायची. त्यांनीही कधी तोंड उघडलं नाही. लिफ्टमध्ये ते मला विचारायचे, ‘काय, ठीक?’ त्या दोन शब्दांत मी किती भिकार आहे ते सगळं यायचं.

गेल्या महिन्यात वारज्याच्या एका शाळेतून बायकोला फोन आला. मुलं आणि पालक एकत्र येणार आहेत, नॅनोविज्ञानावर बोलाल का? ती म्हणाली, ‘नको. लोकांना हे नको असतं. मी पाहिलंय.’ आणि फोन ठेवून ती मेथी निवडायला बसली.

ती लोकांना इतक्या सहज मोडीत काढते, हे मला सहन झालं नाही. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. गाळलेला शब्द, काकांचा प्रश्न, माझं हसणं, आणि ती पडावी असं वाटत होतं तेही.

ती मेथी निवडत राहिली. जुडी संपली तेव्हा म्हणाली, ‘म्हणजे ते लोक खरंच गाडी बघायला आले होते.’

‘हो.’

‘म्हणजे त्यांनी मला नाकारलंच नव्हतं.’

मी माफी मागायला तोंड उघडलं. ‘गप्प बस,’ ती म्हणाली. ‘गप्प बसणं तुला चांगलं जमतं.’ मग चपला घालून ती खाली सेक्रेटरींच्या घरी गेली. तिथं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. वर आल्यावर तिनं शाळेला फोन लावला.

कॉलेजपासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टेबलावर कप ठेवला आणि म्हणाली, ‘आपला चहा.’ मला वाटलं, थट्टा आहे. ती थट्टा नव्हती.

‘शनिवारी शाळेत माझा कार्यक्रम आहे,’ तिनं सांगितलं. ‘आपण येऊ नये.’